चर्नी रोडला उतरा, पुढे पायी: गिरगावच्या वाड्यांत तीन दिवस

गिरगाव एका दिवसात 'करून' येणारे खोताच्या वाडीत दोन फोटो काढतात, मिसळ खातात आणि परततात. त्यात काही चूक नाही. पण ही वस्ती कशी बसली, कशावर उभी आहे आणि का खचते आहे हे समजून घ्यायचं तर तीन सकाळी हव्यात. सकाळी, कारण दहानंतर जगन्नाथ शंकरशेट मार्गावर मान वर करून चालता येत नाही. इथे बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक डोक्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गल्ल्या निसरड्या असतात, पण घरं कुठे गळतात ते तेव्हाच कळतं. इमारतींचा अभ्यास असलेल्यांनी जुलैत एक चक्कर जरूर मारावी. गणेशोत्सवात यायचं असेल तर पहिले पाच दिवस ठीक. अनंत चतुर्दशीला चर्नी रोड स्टेशनात पाय ठेवायला जागा नसते आणि वाड्या बघणं होत नाही. स्वतःची गाडी आणू नका. वाडीत ती शिरत नाही आणि बाहेर लावायला जागा मिळत नाही.

पहिला दिवस: स्टेशन, केळेवाडी, खोताची वाडी

चर्चगेटहून मरीन लाइन्स आणि मग चर्नी रोड. स्लो लोकल पकडली की झालं. आता मेट्रो 3 चं गिरगाव स्टेशनही आहे. ऑक्टोबर 2025 पासून ते सुरू झालं आणि ते थेट वस्तीच्या पोटात उघडतं. तरी पहिल्या दिवशी लोकलनेच या. फलाटावरून पश्चिमेला समुद्राची हवा लागते आणि पूर्वेला गिरगाव असतं. या दोहोंच्या मध्ये रूळ का आहेत, हे इथेच उभं राहून कळतं.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे 1864 साली ग्रँट रोडपर्यंत आली. पुढे बॅकबेच्या काठाकाठाने ती सरकवली गेली आणि 1870 साली चर्चगेट झालं. तेव्हा आजचा मरीन ड्राइव्ह नव्हता, रुळांपलीकडे किनाराच होता. गिरगाव त्याच्या आधीपासून इथे होतं. रेल्वेमुळे ते जन्मलं नाही, पण रेल्वे आणि ट्राम यांच्यामुळे ते फोर्टातल्या कारकुनांचं गाव झालं. घोड्यांची ट्राम 1874 साली आली, विजेची 1907 साली. पगार फोर्टात आणि बिऱ्हाड गिरगावात, असा हा हिशेब होता.

स्टेशनच्या नावामागे गुरं आहेत, असं मानणारे बरेच आहेत. इंग्रज सरकारने चराईवर कर बसवला तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळ जमीन विकत घेऊन गुरांना फुकट चरायला मोकळी केली, त्या 'चरणी'वरून चर्नी रोड. दुसरं मत असं की ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून हे नाव पडलं. पहिलं जास्त पटतं, कारण जमशेटजींचं नाव 1834 साली सुरू झालेल्या भुलेश्वरच्या पांजरापोळाशीही, म्हणजे गुरांच्या आश्रयस्थानाशीही, जोडलेलं आहे.

पूर्वेच्या पुलाने महर्षी कर्वे मार्गावर उतरा आणि डॉ. भालेराव मार्ग धरा. जुने लोक अजून केळेवाडीच म्हणतात. डावी-उजवीकडच्या पाट्या वाचत चला. केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी, जांभूळवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. वाडी म्हणजे मुळात बाग आणि भाट म्हणजे लागवडीचा जमिनीचा तुकडा. माडांच्या आणि फळझाडांच्या या बागा एकेक करून घरांसाठी विकल्या गेल्या, पण बांध तसेच राहिले. म्हणून इथली गल्ली सरळ जात नाही. मध्येच काटकोनात वळते, कुठे चार फुटांवर येते, कुठे विहिरीपाशी रुंद होते. नकाशा हाताशी असला तरी वळणं बघत चाला. प्रत्येक वळणात एका बागेची हद्द आहे.

याच रस्त्यावर मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह आहे. संस्था 1935 सालची. आत जाणं जमलं नाही तरी बाहेरची प्रयोगांची पाटी बघून ठेवा, संध्याकाळची सोय होते.

जगन्नाथ शंकरशेट मार्गाला लागलात की डावीकडे वळा. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे ते नाना शंकरशेट मुंबईत रेल्वे आणण्याच्या खटपटीत अगदी आरंभापासून होते, हे या वाटेवर चालताना लक्षात राहू द्या. थोडं पुढे सेंट तेरेसाचं चर्च लागतं. बसवाले आणि टॅक्सीवाले त्याला पोर्तुगीज चर्च म्हणतात, पण तेवढंच सांगितलंत तर दादरला पोचण्याचा धोका आहे, कारण तिथेही एक पोर्तुगीज चर्च आहे. 'गिरगावचं' हा शब्द जोडा. चर्चच्या समोरच्या अंगाला खोताच्या वाडीचं तोंड आहे. ते इतकं अरुंद आहे की पहिल्या फेरीत हमखास चुकतं.

वाडी अठराव्या शतकाच्या अखेरची. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू समाजातल्या गृहस्थांची ही जमीन. त्यांनी तुकडे पाडून ते ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. नावामुळे गैरसमज होतो म्हणून सांगायला हवं: ईस्ट इंडियन म्हणजे बाहेरून आलेले कुणी नव्हेत. ही इथलीच, उत्तर कोकणातली, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली माणसं. घरात बोलली जाणारी त्यांची बोली मराठीच. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून कुटलेला त्यांचा बाटली मसाला तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागला तर रंग आणि वास जातो, म्हणून बाटली तपकिरीच हवी.

वाडीत कधीकाळी 65 घरं होती. आज तिशीच्याही आत आहेत. त्यातलं एखादं तरी घर नीट बघा, आणि ते खालून वर बघा.

पायाशी दगडी जोतं असतं, रस्त्यापासून दीड-दोन फूट उंच. निदान तसं असायचं. गल्लीत दर काही वर्षांनी जुन्यावरच नवे पेव्हर ब्लॉक बसतात आणि गल्ली दोन-तीन इंच वर येते. असं चार वेळा झालं की जोतं फूटभर बुडतं, पावसाचं पाणी ओटीवर येतं आणि लाकडी खांबाचा पाय भिजायला लागतो. या घरांचा खरा शत्रू हाच आहे. वारा, ऊन, वय हे सगळं त्याच्या नंतर.

खांब बर्मा सागाचे. त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि मधल्या भिंती विटांच्या. भिंत वजन पेलत नाही, चौकट पेलते. म्हणून भिंतीला तडा दिसला तर लगेच घाबरायचं नसतं, पण खांबाचा पाय पोकळ झाला असेल तर घाबरायला हवं. जाणकार सुतार पेचकसाच्या मुठीने खांबावर खालून वर ठोकत जातो. टणक आवाज जिथे सुरू होतो तिथपर्यंत लाकूड गेलेलं. बहुतेक वेळा खराबी खालच्या फूट-दोन फुटांतच असते. मग तुळईखाली जॅक लावून भार उचलायचा, सडलेला तुकडा कापायचा, नव्या सागाचा तुकडा खाच पाडून जोडायचा, बोल्ट आवळायचे आणि पाय जमिनीत न पुरता दगडी उथळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीवर, टेकवायचा. अख्खा खांब बदलायची गरज क्वचितच पडते. 'सगळंच गेलंय, पाडून टाका' असं कुणी म्हणालं तर आधी हे ठोकणं झालं का ते विचारावं.

दुसरी नेहमीची चूक सिमेंटची. मूळ गिलावा चुन्याचा असतो, एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग वाळू. तो ओल शोषतो आणि बाहेर सोडतोही. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओल आतच कोंडते, विटांवर मीठ फुटतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. सुटताना विटेचा पृष्ठभागही घेऊन जातो. वाडीत फिरताना कमरेइतक्या उंचीवर फुगलेला गिलावा दिसला तर तिथे हेच घडलेलं असतं.

आता वर बघा. बाहेरून चढणारा लाकडी जिना, वरच्या मजल्याची ओसरी, खडखडीच्या खिडक्या आणि वळचणीला कातीव लाकडी झालर. ही झालर नुसती शोभेची नाही. पागोळ्यांचं पाणी ती भिंतीपासून दूर ठिबकवते आणि वाशांची टोकं झाकते. झालर गेली की वाशांची टोकं कुजतात, मग कौलं घसरतात. छप्पर मंगलोरी कौलांचं. 100 चौरस फुटांना साधारण 135 ते 150 कौलं लागतात. त्यांखालच्या रीपा, म्हणजे कौलं पेलणाऱ्या आडव्या लाकडी पट्ट्या, साडेबारा इंचांच्या आसपास ठोकलेल्या असतात. अंतर थोडं चुकलं तरी कौलाची खाच नीट बसत नाही आणि वाऱ्याच्या पावसात पाणी उलटं चढतं. जुनं कौल उलटं करून बघायला मिळालं तर मागे कारखान्याचा शिक्का दिसतो. बासेल मिशनने 1865 साली मंगलोरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली.

कौलांच्या जागी पत्रा घालणं स्वस्त पडतं, मात्र कौलांच्या फटींतून जी गरम हवा निघून जाते ती पत्र्याखाली अडकते. एप्रिलात अशा माळ्यावर पाच मिनिटं बसवत नाही.

वाडीत लहानसं चॅपल आहे. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत असे क्रूस आणि चॅपलं जागोजाग उभी राहिली. इथे माणसं राहतात, हे संग्रहालय नाही. ओटीवर चढू नका, विचारल्याशिवाय खिडकीत कॅमेरा घालू नका, आणि दुपारी दोन ते चार कुणाची कडी वाजवू नका. विचारलंत तर बहुतेक जण बोलतात. आयडियलचे वेफर्स इथलेच, ते घेऊन मागच्या अंगाने विठ्ठलभाई पटेल मार्गावर निघा. अनंताश्रमाच्या माशांच्या जेवणासाठी येणारे अजून विचारतात, पण ती खाणावळ बंद झाली.

दुसरा दिवस: चाळी

आज ठाकूरद्वारहून सुरुवात. नाक्याच्या आसपास गोरा राम आणि काळा राम अशी दोन मंदिरं आहेत, आणि झावबाच्या वाडीत झावबांचं राममंदिर. आत चौक, लाकडी खांब, बाजूला बिऱ्हाडं. मंदिर आणि भाडेकरू यांची ही जोडणी गिरगावात ठिकठिकाणी दिसते. देवस्थानाचा खर्च भाड्यातून निघावा ही त्यामागची व्यवस्था. फणसवाडीत वळलात तर दाक्षिणात्य गोपुराचं वेंकटेश देवस्थान अचानक समोर येतं. न्याहारी तिथेच कोपऱ्यावर, विनय हेल्थ होमची मिसळ. रविवारी रांग असते, आठच्या आधी गेलेलं बरं.

मग खाडिलकर मार्गाने, म्हणजे जुन्या कांदेवाडीतून, केशवजी नाईक चाळीकडे. 1893 साली सुरू झालेला इथला सार्वजनिक गणेशोत्सव मुंबईतला सर्वांत जुना. 1901 साली लोकमान्य टिळक इथे आले होते. मूर्ती आजही लहान, शाडूची, आणि ती पालखीतून निघते. वीस-बावीस फुटांच्या मूर्तींच्या गावात हा साधेपणा टिकवून धरणं सोपं नाही, आणि या चाळीचं त्यासाठी कौतुक व्हायलाच हवं.

चाळीची रचना एकदा समजली की गिरगावातली कुठलीही चाळ वाचता येते. मध्ये चौक किंवा गल्ली, भोवती तीन-चार मजले, प्रत्येक मजल्याला चार-पाच फुटांची गॅलरी, आणि गॅलरीला लागून खोल्या. खोली साधारण दहा बाय बारा. दोन खोल्या एकामागे एक असल्या तर ती डबल रूम. कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास.

चाळ आधी त्या टोकालाच खचते. संडासाच्या नळाची गळती तुळयांच्या भिंतीतल्या टोकांना लागते. टोक भिंतीत असल्यामुळे बाहेरून ते ठणठणीत दिसतं आणि आत भुसा झालेला असतो. दुरुस्तीत लाकडाच्या जागी लोखंडी गर्डर घातले तरी ओल थांबवली नाही तर तेही गंजतात, गंजून फुगतात आणि आजूबाजूच्या विटा फोडतात. दुसरी गोष्ट वजनाची. मूळ जमीन फळ्यांवर कोबा अशी हलकी. प्रत्येक पिढीने त्यावर नवी लादी घातली, कुणी मोरी उंच केली, कुणी माळा पक्का केला. एकेका खोलीत भर थोडीच, पण चाळीस खोल्यांची मिळून तुळई वाकते. गॅलरीच्या कठड्याची रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा, मधे पोट आलेलं दिसेल. खाली लाकडी किंवा लोखंडी टेकू लावलेले असतील तर त्यांना टेकून उभं राहू नका आणि पाचर हलवू नका.

ही अवस्था का आली? दोष भाडेकरूंच्या माथी मारणं सोपं आहे, पण कारण कायद्याच्या गणितात आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतर शहरात माणसं लोटत होती तेव्हा या कायद्याने लाखोंचं छप्पर वाचवलं. पण भाडं दहा-वीस रुपयांवर थिजलं आणि सागाची तुळई हजारांत गेली, तेव्हा घरमालकाने दुरुस्ती सोडून दिली. खोली पागडीने, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, हस्तांतरित होत राहिली, पण तो पैसा इमारतीत गेला नाही. 1969 साली इमारत दुरुस्तीचा कायदा आला, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्ती मंडळाकडे काम गेलं. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर 1950 अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात, आणि 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या 'क' वर्गात. गिरगावातल्या बहुतेक चाळी 'अ' वर्गातल्या. '33(7)' हे शब्द इथल्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतील. विकास नियंत्रण नियमावलीतलं उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचं हे कलम. भाडेकरूंना नवं घर फुकट, विकासकाला त्याबदली जास्तीचं चटई क्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी.

टॉवरला सरसकट नाकं मुरडणाऱ्यांनी सामाईक संडासाच्या रांगेत आठवडाभर उभं राहून बघावं. सत्तरीतल्या माणसाला घरात संडास हवा असतो, हे मागणं रास्तच आहे. खंत वेगळी आहे. ज्या चाळीचा पाय आणि संडासाचा नळ वेळेवर दुरुस्त झाला असता तिथे आतून सोयी करून चौक राखता आला असता. चौक गेला की गणपती पार्किंगच्या मजल्यावर बसतो.

दुपारी पणशीकरांकडे पियूष प्या. जिथे मॅजेस्टिक सिनेमा होता ती जागा जगन्नाथ शंकरशेट मार्गावर. 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट तिथे लागला. त्याआधी, 3 मे 1913 रोजी, 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशनमध्ये लागला होता, तेही गिरगावातच. आज दोन्ही थिएटरं नाहीत.

संध्याकाळी विठ्ठलभाई पटेल मार्गावरचं फडके गणपती मंदिर. गुढीपाडव्याची शोभायात्रा इथून निघते. त्या दिवशी यायचं असेल तर सकाळी सातच्या आत पोचा.

तिसरा दिवस: प्रार्थना समाज ते ग्रँट रोड

आजची वाट सोपी आणि रुंद रस्त्यांची आहे, दोन-तीन तास पुरेत. मुंबईत प्रार्थना समाज 1867 साली स्थापन झाला. त्याचं मंदिर 1874 चं, आणि चौकाला नाव त्याचंच. इथून निघणारा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड. प्लेगनंतर 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि समुद्राची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून त्याने हा रस्ता पूर्व-पश्चिम कापला. कालच्या वाकड्या गल्ल्या पायांत असताना या सरळ रस्त्यावर उभं राहिलं की दोन नगररचनांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

रॉयल ऑपेरा हाउस बाहेरून बघा, प्रयोग असेल तर आतूनही. वर्षानुवर्षं बंद असलेली ही वास्तू दुरुस्त होऊन 2016 साली उघडली. मग रूळ ओलांडून गावदेवी. लॅबर्नम रोडवरचं मणिभवन, 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. इथली घरं चाळींच्या मानाने ऐसपैस, झाडांत लपलेली. गवालिया टँकला तेजपाल संस्थेची जागा आहे. तिथे 1885 साली काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि समोरच्या मैदानात 1942 चा 'चले जाव'चा ठराव गाजला.

शेवटी नाना चौक. शंकरशेट घराण्याचं भवानीशंकर मंदिर रहदारीच्या अगदी कडेला आहे, आणि पलीकडे ग्रँट रोड स्टेशन, जिथे 1864 साली ही रेल्वे येऊन थांबली होती. परतीला चर्चगेटकडची गाडी धरा आणि डाव्या खिडकीपाशी उभे राहा. केनेडी पूल, फ्रेंच पूल आणि लगेच चर्नी रोड, दोन मिनिटांचं अंतर.

पुन्हा यायचं तर मेच्या अखेरीस या, खोताच्या वाडीत, सकाळी सातला. पावसाच्या तोंडावर कौलं चाळायची ती वेळ. फुटकं कौल काढायचं, रीप दाबून बघायची, पालापाचोळा झाडायचा आणि वळचणीपासून मोभाऱ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे, एकेक ओळ पुन्हा बसवत जायचं. दोन माणसं आणि एक शिडी असली की लहान छप्पर दिवसभरात होतं. खाली उभं राहताना शिडीपासून चार पावलं दूर राहा, वरून तुकडे पडतात.